सकाळी न उठणारं पोर आणि रात्रीचा हिशोब

घरात नववी-दहावीचं मूल असलं की दिवसाचं पहिलं भांडण पावणेसहाला ठरलेलं. गजर तीनदा वाजतो, आई चौथ्यांदा हाक मारते, बाबा पांघरूण ओढतात. बहुतेक घरांत याचं खापर आळशीपणावर फुटतं. त्याआधी एकदा कागदावर तासांची बेरीज मांडा.

वयात येताना शरीराचं घड्याळ एक-दोन तास पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन लहान मुलांपेक्षा उशिरा स्रवायला लागतं, म्हणून दहा वाजता बळेच दिवा घालवला तरी पोर छताकडे बघत पडतं. या वयात झोप हवी आठ ते दहा तास. आता सातची शाळा धरा. उठायचं पावणेसहाला. संध्याकाळचा क्लास साडेआठला सुटतो, घरी येऊन जेवेपर्यंत साडेनऊ, मग शाळेचा गृहपाठ, अंथरुणाला पाठ टेकते सव्वाअकराला. झोप झाली साडेसहा तास. आठ तासच पुरेत असं मानलं तरी रोजची तूट दीड तासाची. शाळा शनिवारीही असेल तर आठवड्याअखेरीस नऊ तासांची उधारी. रविवारी ते अकरापर्यंत घोरत पडतं ते यामुळे.

शाळेची वेळ आपल्या हातात नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने सकाळी नऊच्या आत वर्ग भरवू नका असं सांगितलं, ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. मोठी मुलं वगळली गेली. खरं तर सकाळची झोप जास्त गरजेची आहे ती त्यांनाच.

दुरुस्तीला बहुतेक जण रात्रीपासून हात घालतात आणि तिथेच फसतात. झोप हुकमाने येत नाही, उठण्याची वेळ मात्र ठरवता येते. म्हणून सुरुवात रविवारपासून करा. रोजच्यापेक्षा फार तर तास-दीड तास उशिरा उठू द्या. अकरापर्यंत झोपलं तर रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही आणि सोमवारचं भांडण आणखी पेटतं. उठल्यावर अर्ध्या तासात पंधरा-वीस मिनिटं गॅलरीत, गच्चीवर किंवा अंगणात उजेडात काढायची. पावसाळ्यातही हा नेम मोडू नये. ढगाळ आभाळाचा उजेडसुद्धा घरातल्या ट्यूबलाइटच्या कैक पट असतो. शरीराचं घड्याळ मागे सरकतं ते या उजेडाने. मग झोपायची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. एका दिवसात सव्वाअकराचे दहा करायला गेलात, तर पोर अंधारात जागं पडून राहील आणि ‘मला झोपच येत नाही’ हे त्याच्या मनात पक्कं बसेल.

जेवण दोन भागांत केलं की रात्री अर्धा-पाऊण तास मोकळा होतो. क्लासला जायच्या आधी सहाला पोळी-भाजी, आल्यावर वाटीभर वरणभात किंवा मुगाची खिचडी. गणित आणि डोकं लागणारा अभ्यास आधी, वही पूर्ण करणं शेवटी. पावणेदहाला खोलीतली मोठी ट्यूब बंद करून टेबललॅम्पवर काम चालवायचं. एकाच खोलीत सगळं घर झोपत असेल तर टीव्हीही त्याच वेळी बंद. मालिका मोठ्यांची आणि शिस्त पोराची, असं चालत नाही.

चहाचं गणितही बघा. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला ‘अभ्यासासाठी’ दिलेल्या कपातलं निम्मं पहाटे तीनला अंगात असतं. चारनंतर चहा-कॉफी नको. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर मुलांनी पिऊ नये असं छापलेलंच असतं, फक्त अक्षर बारीक असतं.

फोनबद्दल थोडं सविस्तर. रात्री राउटर बंद करून काही होत नाही, पोराकडे दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असतो. फोन हिसकावला की कपाटातला जुना हँडसेट बाहेर येतो. टिकणारा नियम एकच: दहा वाजता घरातले सगळे फोन, बाबांचासुद्धा, हॉलमध्ये चार्जिंगला. बाबांचा फोन उशाशी राहिला की नियम आठवडाभरात मोडतो. ‘गजर फोनवर लावतो’ ही पहिली सबब. त्यावर सेलवर चालणारं गजराचं घड्याळ. ‘ग्रुपवर गृहपाठ येतो’ ही दुसरी, आणि ती बऱ्याचदा खरी असते. नऊ वाजता ग्रुप बघून वहीत उतरवून घ्यायचं; त्यानंतर आलेलं उद्या.

दुपारी डुलकी हवी असेल तर वीस मिनिटं, पाचच्या आत. तासभर झोपलं की उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोप उडते.

हे सगळं महिनाभर नेटाने करूनही, नऊ तास झोपून मूल वर्गात पेंगत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. रोज मोठ्याने घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं हे टॉन्सिल किंवा अडिनॉइड (नाकामागची गाठ) वाढल्याचं लक्षण असू शकतं. मुलींच्या पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर हिमोग्लोबिन तपासा. बाराच्या खाली म्हणजे रक्त कमी. आणि दोन आठवडे झोप, भूक, मित्र सगळ्यातूनच मन उडालेलं दिसलं तर तो वेळापत्रकाचा प्रश्न नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

राहिला पहाटे चारचा अभ्यास. साडेनऊला गाढ झोपणाऱ्याला तो चालेल. अकराला झोपणाऱ्याला चारला उठवलं तर पहाटेची स्वप्नांची झोप कापली जाते आणि वाचलेलं डोक्यात नीट मुरत नाही. त्यात बोर्डाचा सकाळच्या सत्रातला पेपर सुरू होतो अकराला. शेवटचे तीन आठवडे सराव प्रश्नपत्रिका अकराच्या ठोक्याला, घड्याळ लावून, पूर्ण वेळ बसून सोडवून घ्या.