इथेरियमवरचे टोकन-व्यवहार पायथनने वाचताना : माझा अनुभव

आयकर विवरणपत्रातला शेड्यूल व्हीडीए (क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेचा तक्ता) भरायचा तर वर्षभरातले व्यवहार तारीख-रकमेसह हाताशी लागतात. यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या टोकनची यादी मी पायथन आणि वेब३ डॉट पाय ही इथेरियमशी बोलणारी लायब्ररी वापरून काढली. लायब्ररी बसवणं, नोडचा (इथेरियमच्या जाळ्यातल्या संगणकाचा) यूआरएल देणं, शेवटच्या ब्लॉकचा, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक मागवून जोडणी तपासणं, यात अडण्यासारखं काही नाही.

अडतं ते पुढे. ‘या पत्त्याचे सगळे व्यवहार दे’ असं इथेरियमच्या नोडला विचारायची सोयच नाही. ट्रान्सफर इव्हेंटचे लॉग, म्हणजे टोकन हलल्यावर त्याच्या कॉन्ट्रॅक्टने (साखळीवरच्या प्रोग्रामने) केलेल्या नोंदी, मागवायचे, आणि तिथे नोड पुरवणाऱ्यांच्या मर्यादा आडव्या येतात. कुणी ब्लॉकच्या संख्येवर मर्यादा घालतं, कुणी निकालांच्या संख्येवर, आणि एररचा मजकूर प्रत्येकाचा निराळा. मी घेतलेल्या सेवेच्या माहितीपानावर एक मर्यादा लिहिलेली, प्रत्यक्षात भलतीच. ही चीड अजून गेलेली नाही.

१२ सेकंदांना एक ब्लॉक धरला तर दिवसाला ७,२००, वर्षाला सुमारे २६ लाख. २,००० ब्लॉकचा तुकडा घेतला तरी १,३०० च्या वर विनंत्या, त्याही दोनदा. कारण लॉग गाळायचे ते ‘टॉपिक’ नावाच्या खान्यांवरून: पहिला टॉपिक इव्हेंटच्या सहीचा हॅश (ठशासारखा आकडा), दुसरा पाठवणारा, तिसरा घेणारा. दुसऱ्या-तिसऱ्यात एकदमच आपला पत्ता घातला तर फक्त स्वतःच स्वतःला पाठवलेलं सापडतं. तेव्हा जावक वेगळी मागवा, आवक वेगळी. दोन्हींत आलेली नोंद व्यवहाराचा हॅश आणि लॉग क्रमांक जुळवून एकदाच धरा.

तुकड्याचा आकार पक्का ठरवू नका. एरर आली की निम्मा करा, काही विनंत्या सुरळीत गेल्या की वाढवा. दोन्ही टोकांचे ब्लॉक निकालात धरले जातात, म्हणून पुढचा तुकडा शेवटच्या ब्लॉकच्या एक पुढून. प्रत्येक तुकड्यानंतर ब्लॉक क्रमांक फाइलमध्ये लिहा. नाहीतर नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे एररशिवाय येणारी रिकामी यादी. टॉपिक ३२ बाइटचा, पत्ता २० बाइटचा. उरलेल्या १२ बाइटची, म्हणजे हेक्समधली २४ शून्यं पत्त्याच्या डावीकडे हवीत. उजवीकडे पडली तर नोड तक्रार करत नाही, काही सापडलं नाही एवढंच सांगतो. कॉन्ट्रॅक्टचा पत्ताही फिल्टरमध्ये द्याच, नाहीतर कुणीही फुकट पाठवलेली बनावट टोकनं यादीत शिरतात.

लॉगमध्ये रक्कम पूर्णांकात येते, दशांश स्थळं आपण लावायची. यूएसडीसीला ६ दशांश स्थळं, डाय या दुसऱ्या टोकनला १८. कॉन्ट्रॅक्टलाच विचारा आणि डेसिमल प्रकारात भागा. मूळ आकडा एक्सेलमध्ये संख्या म्हणून टाकू नका. १५ अंकांपुढचं तिथे शून्य होतं. मजकूर म्हणून ठेवा.

शेवटचा ब्लॉक ‘लेटेस्ट’ (सगळ्यात ताजा) न घेता ‘फायनलाइझ्ड’ (पक्का झालेला) घ्या. तो पंधराएक मिनिटं मागे असतो, पण उलटत नाही. यादी पुरी झाली का, हे पत्त्याच्या पहिल्या व्यवहारापासूनची आवक वजा जावक त्याच ब्लॉकवरच्या शिल्लकेशी ताडून कळतं. फक्त एका वर्षाची यादी असेल तर आरंभीची शिल्लक लागते, आणि इतकं जुनं विचारायला आर्काइव्ह (जुन्या शिल्लकाही जपणारा) नोड हवा.

फसलेल्या व्यवहाराचा लॉग निघत नाही, गॅस (व्यवहाराचं शुल्क) मात्र कापला जातो. आणि कॉन्ट्रॅक्टकडून आलेलं इथर (इथेरियमचं मूळ चलन) या लॉगमध्ये दिसतच नाही. त्यासाठी ट्रेस (व्यवहाराच्या आतल्या पायऱ्या) देणारा नोड लागतो. सेवा निवडतानाच तो मिळतो का ते बघून घ्या.