दात खाणं, मेथोट्रेक्सेट आणि एक चिठ्ठी

झोपेत दात खाणाऱ्याला स्वतःला काहीच ऐकू येत नाही. मला आमच्या ह्यांनी सांगितलं, तेही वैतागून. म्हणाले, "रात्रभर कुणीतरी अडकित्ता चालवतंय असं वाटतंय." सासूबाईंचं निदान तयारच होतं: जंत! लहान पोरांना लावतात तोच नियम त्यांनी पंचेचाळिशीतल्या सुनेला लावला. पण मला रुमेटॉइड संधिवात आहे आणि त्याचं औषध म्हणून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू असतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी साधी सर्दीची गोळीही घेत नाही. जंताची गोळी तशीच डब्यात राहिली.

सकाळी माझी बोटं आखडतात, तसा जबडाही आखडायचा आणि कानशिलं ठणकायची. संधिवात कानापुढच्या सांध्यातही शिरू शकतो, म्हणून मी ते दुखणं आजाराच्याच खात्यावर टाकत होते. सांगलीत विश्रामबागेतल्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावलं आणि आरशात दाखवलं. जिभेच्या कडेला दातांचे ठसे होते, गालाच्या आत एक पांढरी रेघ होती आणि दाढांचे उंचवटे घासून सपाट झाले होते. जबड्याचा स्नायू दाबला तर मी ओरडलेच. दाखवायला गेले होते ती दाढ मात्र आधीच चिरली होती. भडंग किंवा शेंगा खाताना चिरली असती तर समजलं असतं, पण ही मऊ उप्पीट खाताना गेली. भेग मुळापर्यंत उतरलेली, म्हणजे दाढ काढायची, जखम भरली की माप घ्यायचं आणि रात्री दातांवर घालायचा गार्ड, म्हणजे दात झिजू नयेत म्हणूनचं कवच, करायचा. एवढं सरळ होतं सगळं.

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग काढू."

मागणी रास्त होती, हे आधीच सांगते, कारण पुढे मी चिडणार आहे. मेथोट्रेक्सेटने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. काही वेदनाशामक आणि काही अँटिबायोटिक त्याच्यासोबत घेतली तर ते अंगात साठून त्रास देतं. माझ्या आजाराने उचल खाल्ली की स्टेरॉइडही चालू होतं, आणि ते फार दिवस घेतलं असेल तर दात काढण्याआधी त्याचा विचार करावा लागतो. म्हणून सध्या काय चालू आहे, ताजा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींचा रिपोर्ट, काय म्हणतो, दुखलं तर कोणती गोळी चालेल, एवढं त्यांना लेखी हवं होतं.

आमचे संधिवाताचे डॉक्टर पुण्याहून महिन्यातून एकदा मिरजेतल्या एका हॉस्पिटलात येतात. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातून गाड्या भरून पेशंट येतात. डॉक्टरांच्या दारासमोरची गर्दी मला मान्य आहे. माझं वाकडं आहे ते तिथल्या काउंटरशी. मी स्वतः पतसंस्थेत काउंटरला बसते, तेव्हा हे बोलायचा मला थोडा तरी अधिकार आहे.

डॉक्टर आत पेशंट तपासत होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "लेटर इथूनच मिळतं, सर फक्त सही करतात." मी दाढेचं सांगितलं. त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी निवडलं, पैसे भरायला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, आणि बऱ्याच वेळाने हातात कागद आला: रुग्ण कामावर रुजू होण्यास तंदुरुस्त आहे. मी म्हटलं, "अरे दादा, मला कामावर नाही जायचंय, दाढ काढायचीय." तो म्हणाला, "मॅडम, सिस्टममध्ये दोनच फिटनेस आहेत, ड्युटीचं नाहीतर ऑपरेशनचं." मग ऑपरेशनचं द्या म्हटलं, तर त्यासाठी ऑपरेशनचं नाव आणि सर्जनचा नंबर हवा. एवढं होईपर्यंत ओपीडी संपली आणि डॉक्टर पुण्याच्या गाडीला लागले. परत या, पुढच्या महिन्यात.

पुढच्या महिन्यात कागद मिळाला. "दंत प्रक्रियेसाठी तंदुरुस्त", खाली सही, शिक्का. डॉक्टरीणबाईंनी तो उलटापालटा करून बघितला आणि शांतपणे परत दिला. "तुम्ही फिट आहात हे मला दिसतंच आहे. मला औषधं हवीत." तोवर दाढ ठणकत होती, मी एका बाजूने भाकरी चावत होते, आणि दात खाणं अर्थातच वाढलं होतं, कारण दुखलं की झोप मोडते आणि मोडक्या झोपेत माणूस जास्तच खातो.

तिसऱ्या कागदावर औषधं होती. आणि इथे माझं रक्त खरंच तापलं. मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, पुढे "ओडी". म्हणजे दिवसातून एकदा! मी ते आठवड्यातून एकदा, रविवारी घेते. हे औषध चुकून रोज घेतलं गेलं तर माणूस दगावू शकतो, म्हणून माझ्या मूळ फाइलवर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने "फक्त रविवारी" लिहून खाली दोन रेघा मारल्यात. टायपणाऱ्याने सगळ्या गोळ्यांना जी खूण लावली तीच हिलाही लावली, एवढंच. मी दाखवलं तर म्हणे, "त्याने काय होतंय, तुम्हाला माहिती आहे ना." मला माहिती आहे हो, पण हा कागद वाचणार कोण? दाताच्या दवाखान्यातली सिस्टर, उद्या एखादा मेडिकलवाला. आमच्याकडे व्याजाच्या तक्त्यात महिन्याच्या जागी दिवस पडला तर सभासद दारात उभं राहू देत नाहीत.

शेवटी काम झालं ते काउंटरला वळसा घालूनच. डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं, तुम्हाला काय हवं ते तुमच्या लेटरहेडवर प्रश्न म्हणून लिहून द्या, प्रत्येकाखाली जागा सोडा. त्यांनी लिहिलं: सध्याची औषधं, डोस आणि वार; गेल्या वर्षात स्टेरॉइड किती आणि कधी; दाढ काढताना कोणतं औषध थांबवायचं का; कोणती वेदनाशामक आणि अँटिबायोटिक नकोत. मी सीबीसी आणि लिव्हरच्या तपासणीचा रिपोर्ट त्याला स्टेपल केला आणि तपासणीच्या वेळी थेट डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी उभ्याउभ्या हाताने उत्तरं भरली, सही केली, "रविवारी" शब्दाभोवती गोलही काढला. वर म्हणाले, "असं प्रत्येकाने आणलं तर बरं होईल." मेथोट्रेक्सेट थांबवायचं नाही, असं माझ्या बाबतीत त्यांनी लिहिलं. तुमचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा आणि मनाने डोस चुकवू नका.

दाढ निघाली, जखम भरली, माप झालं, गार्ड आला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गार्डबद्दल मात्र आहे. त्याने दात खाणं थांबत नाही, दात वाचतात. मी अजूनही खाते, पण झिजतं ते गार्डचं अ‍ॅक्रिलिक. मऊ रबरी गार्ड स्वस्त असतो, पण माझ्यासारख्या जोरात खाणाऱ्याने तो चावून फाडला असता, म्हणून कडक करून घेतला. आणि संधिवातवाल्यांना कुणी सांगत नाही ती अडचण ही, की सकाळी आखडलेल्या बोटांनी तो निघत नाही. पहिल्या आठवड्यात मी तोंडात गार्ड घेऊन चहा उकळायची वाट बघत उभी असायचे. डॉक्टरीणबाईंनी कडा किंचित घासून सैल केल्या. आता मी आधी हात कोमट पाण्यात धरते, मग दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही बाजूंनी थोडं थोडं ढकलते. एकाच बाजूने ओढू नका, तडकतो. त्याची डबीही फिरकीच्या झाकणाची नको, वर उघडणारी घ्या. ब्रशच्या दांड्यावर मी सायकलच्या हँडलची ग्रिप चढवलीय, घट्ट मूठ करावी लागत नाही.

गार्ड गार पाण्याने धुवायचा. उकळत्या पाण्यात घातला की आकार बिघडतो. सांगलीच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका.

दिवसाचं दात खाणंही असतं, हे मला उशिरा कळलं. रोकड जुळत नसली की माझे दात आपोआप आवळलेले असतात. खरं तर चावताना आणि गिळताना सोडून वरचे-खालचे दात एकमेकांना लागायलाच नकोत, ओठ मिटलेले आणि दात सुटे. मी कॅल्क्युलेटरवर लाल टिकली चिकटवलीय, ती दिसली की जबडा सोडायचा. संध्याकाळनंतरचा चहा बंद केला. त्याचं मला दाढेपेक्षा जास्त दुःख आहे.

मनाच्या उदासीसाठी गोळी चालू असेल तर तीही दोन्ही डॉक्टरांना सांगा. त्यातल्या काहींनी दात खाणं सुरू होतं किंवा वाढतं. माझी होती, मी सांगितलं, गोळी बदलून मिळाली. अचानक बंद करायची नाही. शिवाय घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घ्या, दोन्ही बऱ्याचदा जोडीने असतात.

मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. माझ्या पॉलिसीत अपघाताशिवाय दातांचं काहीच बसत नाही. दर फेरीला गार्ड सोबत न्या, कारण जबड्याचा सांधा बदलला की चावा, म्हणजे वरचे-खालचे दात जसे मिळतात तेही, बदलतो आणि गार्ड पुन्हा घासून बसवावा लागतो. आणि त्या भरलेल्या चिठ्ठीचे झेरॉक्स काढून ठेवा. माझा एक पर्समध्ये असतो, एक ह्यांच्या पाकिटात. औषध बदललं की जुना फाडून नवीन ठेवायचा.