बॅरलमधली अळी आणि जिल्ह्याची सरासरी

आज दिवसभर आशा कार्यकर्तीच्या, म्हणजे घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका ताईंच्या मागं बॅटरी घेऊन फिरलो. सांगलीतली नदीकाठची सखल गल्ली. काम सोपं: पाण्याच्या बॅरलात उजेड टाकायचा, डासाची अळी वळवळली की नोंद करायची. शंभर घरं तपासली नि दहांत अळ्या सापडल्या, तर हाऊस इंडेक्स १०. एवढंच गणित.

पण बॅरल भरून का ठेवलंय, हे त्या आकड्यात येत नाही. गल्लीच्या टोकाला नळाची धार करंगळीएवढी. ताई एका मावशींना म्हणाल्या, "आठवड्यातनं एकदा घासून कोरडं करा की." मावशी म्हणाल्या, "वतू व्हय? आन् उद्या पाणी न्हाई आलं तर?" ताईंनी मुकाट अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे जिल्ह्यापाशी थांबतात. हाताशी असलेली जनगणना २०११ ची. त्यानंतर २०१९ आणि २०२१ चे महापूर होऊन गेले. ही गल्ली नि सांगलीतलाच विश्रामबागेसारखा बरा भाग एकाच सरासरीत घातला, की सगळंच बरं दिसतं!

तिशीपुढच्यांचा आजारांचा धोका तपासायच्या सीबॅक फॉर्मात तंबाखू विचारतात, कंबरेचा घेर विचारतात. भिंतीवरची पुराची खूण कोण विचारणार? म्हणून आमच्या तक्त्यात दोन रकाने वाढवले: पाणी किती वेळ येतं आणि पूर कुठवर चढला होता. ताई म्हणाल्या, "रकाने वाढवा, पण भरायला माणसं पण आणा."

रविवारी विश्रामबागेत हाच तक्ता भरायचाय. येणार असाल तर कळवा. बॅटरी आपापली.