करंगळी शिफ्टवर जाते

मे महिना, जळगाव, 44 अंश, कूलरची घरघर, आणि मी वयाच्या 47व्या वर्षी फरशीवर मांडी घालून बॅन्जो शिकतोय. बॅन्जो म्हणजे आपला, बटणांचा, वरातीतला. आधी मोबाईलवर शिकवणीचे व्हिडिओ शोधले तर डफासारखं कातडं ताणलेलं गोल अमेरिकन वाद्य निघालं, तरी अर्धा तास बघत बसलो, त्याची पाचवी तार आखूड असते नि ती अंगठ्याने छेडायची हेही शिकलो, मग लक्षात आलं हे आपलं नव्हेच. आपल्याचं मूळ जपानी. ताइशोगोतो. 1912 साली नागोयात बनलं, टाईपरायटरसारखी बटणं लावून.

आणि माझा घोटाळा तिथंच आहे. मी मराठी टायपिंग 30 आणि 40 दोन्ही पास झालेला माणूस, बावीस वर्षं ऑफिसात तेच केलं, त्यामुळे उजव्या हाताने पत्ती मारताना डावा हात सूर सोडून अर्ज लिहायला लागतो. वरचा सा आला की करंगळी आपोआप शिफ्ट शोधत खाली जाते. आई तर रोज विचारते, "कोनी वरातमा वाजाडशी रे भाऊ तू आते?"

वरात म्हटलं की मामाच्या गावची आठवते, अमळनेर तालुक्यातली. हातगाडीवर कर्णे, मागे जनरेटर, बॅन्जो असा कडाडायचा की छातीत ठोके पडायचे, नाचणारे धुळीत दिसेनासे. एकदा मारुतीच्या पाराशी जनरेटर गचकला. अंधार झाला, ढोलवालेही थांबले, आणि मी हातगाडीला अगदी चिकटून उभा, तेव्हा ऐकू आलं की एवढ्या मोठ्या आवाजाच्या आत हे एवढंसं वाद्य होतं, टिण टिण, डब्यात खिळे हलवल्यासारखं. तो माणूस थांबला नव्हता. कडवं संपेपर्यंत वाजवलं त्याने, एकट्यानेच, मग बिडी पेटवली. जनरेटर सुरू झाल्यावर मी नाचलो की नाही ते आठवत नाही.

काल दुपारी लाईट गेली. कूलर थांबला आणि माझंच वाजवणं मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. वरची तार कधीची उतरलेली होती. घाम पुसत तिची खुंटी पिळत बसलो.