रिकामा हॉल, भरलेला हॉल

डीजे म्हणून सहा शहरांचा दौरा कालच संपला. गाडीत बसलो की इतर लोक झोपतात, मी हेडफोन लावून मात्रा मोजत बसतो. नाचाच्या संगीतातले बहुतेक ट्रॅक 8, 16, 32 मात्रांच्या घरांत बांधलेले असतात. 128 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 128 मात्रांच्या वेगाला, 32 मात्रा म्हणजे बरोबर 15 सेकंद. तेवढ्या वेळात जुन्या ट्रॅकचा बेस, म्हणजे खालचे जड सूर, काढून घ्यायचा, नव्याचा सोडायचा आणि दोघांची सम एका जागी आणायची. दोन बेसलाइन एकत्र वाजल्या की नुसती घरघर ऐकू येते.

तालीम म्हणजे गाण्यांचा क्रम पाठ करणं, असं अनेकांना वाटतं. मी क्रम ठरवतच नाही; जोड्या घोटून घेतो. कोणत्या ट्रॅकमधून कुठे जाता येतं आणि फसलो तर कुठून बाहेर पडता येतं, हे हाताला ठाऊक असावं लागतं. त्यासाठी ठेके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण बंद करतो, स्क्रीनवर कागद चिकटवतो आणि ट्रॅकचा वेग बदलणारा पिच फेडर नुसत्या कानाच्या भरवशावर हलवतो. एक ठेका दुसऱ्याच्या किंचित पुढे पळतोय की मागे राहतोय, हे ओळखायला मला काही वर्षं लागली.

प्रत्येक हॉलमध्ये पोचल्यावर आधी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं यंत्र, बघतो. माझ्या सेटचा काही भाग रेकॉर्डवर असतो, आणि टेक्निक्सचं 1972 साली आलेलं एसएल-1200 अजूनही माझ्या हाताला सगळ्यात जवळचं वाटतं. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवायची आणि आवाज हळूहळू वाढवायचा. स्टेजची थरथर सुईत शिरत असेल तर खालून हुंकार उठतो आणि वाढत जातो. मग टर्नटेबलखाली जड लादी, तिच्याखाली रबर, पुन्हा तीच चाचणी. याला अर्धा तास गेला तरी चालेल, पण हे टाळायचं नाही.

साउंडचेकला हॉल रिकामा असतो, आणि रिकामा हॉल फसवतो. टाळी वाजवली की भिंती ती परत फेकतात, हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या झांजा, कानात टोचतात. ते कापून टाकायचा मोह होतो. रात्री माणसं भरली की त्यांचे कपडे, त्यांची अंगं तोच वरचा आवाज शोषून घेतात आणि दुपारी कापलेलं सगळं मंद, बोथट वाटायला लागतं. म्हणून दुपारी मी फार काही हलवत नाही.

तिसऱ्या शहरात सेट ऐन रंगात असताना बूथ मॉनिटर, म्हणजे माझ्याकडे तोंड केलेला स्पीकर, बंद पडला. मुख्य स्पीकर माझ्या पुढे, लोकांकडे तोंड करून. किकचा, म्हणजे मोठ्या ड्रमच्या ठोक्याचा, धक्का पायाला थेट जाणवत होता, पण हाय-हॅट येत होते समोरच्या भिंतीवर आपटून. भिंत साधारण 35 मीटरवर असेल. जाऊन-येऊन 70 मीटर, म्हणजे आवाजाला सुमारे 0.2 सेकंद. 120 बीपीएमला एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. पुढचा ट्रॅक मी त्या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवला, त्याच्या आवाजाचा फेडर वर घेतला, आणि घोडे दौडावेत तसे दोन ठेके एकमेकांवर आदळायला लागले. समोरची माणसं थबकली. तो क्षण अजून पोटात कळ आणतो.

फेडर खाली घेतला. हेडफोनमधल्या मिक्सचा नॉब मध्यावर आणला, म्हणजे वाजणारा आणि येणारा असे दोन्ही ट्रॅक कानातच. हॉलकडे दुर्लक्ष करून पुन्हा जुळवलं. तंत्रज्ञ दातात टॉर्च धरून टेबलाखाली शिरला होता. त्यानं केबल बदलेपर्यंत चार ट्रॅक झाले. ते चारही मी डोळे मिटून वाजवले, आणि दौऱ्यातले माझे सगळ्यात नेटके मिक्स तेच असावेत.

कानांबद्दल एक सांगायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी 15 मिनिटांच्या सरासरीनं 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. बूथमध्ये हेडफोन आणि मॉनिटर यांची चढाओढ लागते आणि आवाज नकळत वर जातो. मी कानाच्या मापाचे इअरप्लग घालतो. नव्या मुलांनी पहिला चांगला मिक्सर घेण्याआधी ते घ्यावेत.

काल शेवटच्या रात्री शेवटची रेकॉर्ड संपू दिली नाही. टर्नटेबलचा पॉवर स्विच फिरवला. तबकडी आपल्या वेगात थोडी फिरत राहिली, सूर खाली खाली घसरत गेला, आणि तो पार बुडायच्या आत पुढच्या रांगेतल्यांनी तोच ठेका टाळ्यांनी उचलून धरला. हेडफोन काढून ठेवले आणि तसाच ऐकत उभा राहिलो.