ऑस्कर वेर्नर : शेवटच्या दृश्यातले केस

२३ ऑक्टोबर

ऑस्ट्रियन नट ऑस्कर वेर्नर १९८४ साली आजच्याच तारखेला गेला. जर्मनीतल्या मारबुर्गला काव्यवाचनासाठी आला होता. बरं वाटेना म्हणून कार्यक्रम रद्द केला आणि सकाळी खोलीत मृतावस्थेत सापडला. हृदयविकार, वय ६१. दोनच दिवस आधी, २१ तारखेला, फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो वारला होता. ज्या दिग्दर्शकाने वेर्नरला जगभर नेलं आणि ज्याच्याशी त्याचं पुढे पार फाटलं, तो हाच.

फाटलं ते १९६६ साली, ‘फॅरनहाइट ४५१’च्या वेळी. पुस्तकं जाळणाऱ्या माँटागची भूमिका. त्रुफोला माँटाग साधा, थोडा बावरलेला, कुतूहलाने पुस्तक उघडणारा हवा होता. वेर्नरला तो ताठ आणि थंड दिसत होता, यंत्रासारखा. दोघेही हटेनात. शेवटच्या दृश्याआधी वेर्नर केस कापून आला. कंटिन्युइटी, म्हणजे दृश्यादृश्यांतलं सातत्य, मोडावी म्हणून त्याने हे मुद्दाम केलं, असं आजवर सांगितलं जातं.

हा घाव किती नेमका होता ते चित्रीकरणाची रीत माहीत असलेल्यालाच कळेल. सिनेमाची दृश्यं क्रमाने घेत नाहीत. एकाच प्रसंगातलं आत येणं आज, तर बाहेर जाणं तीन आठवड्यांनी, असंही होतं. म्हणून कंटिन्युइटी सांभाळणारी व्यक्ती प्रत्येक शॉटची नोंद ठेवते: भांग कुठल्या बाजूला, बटणं किती लावलेली, सिगारेट किती जळलेली, पेला कुठल्या हातात. शर्ट बदलता येतो, सिगारेट दुसरी पेटवता येते. केस मात्र वाढवता येत नाहीत. विग लावला तर क्लोजअपमध्ये कपाळाकडची कड दगा देते. मग दोनच वाटा उरतात, नटाला पाठमोरा घ्यायचा किंवा आहे ते चालवून घ्यायचं. वेर्नरला हे सगळं पक्कं ठाऊक होतं.

त्रुफोने त्या चित्रीकरणाची रोजनिशी ठेवली होती. ती ‘काय्ये द्यु सिनेमा’ या फ्रेंच सिनेमासिकात छापून आली. वाचनीय आहे, पण ती एका बाजूची आहे हे ध्यानात ठेवून वाचावी. माझं मत सांगायचं तर भूमिकेच्या बाबतीत त्रुफो बरोबर होता. माँटाग सुरुवातीलाच इतका बंद असला तर पुस्तकाने त्याला हलवायला जागाच राहत नाही. पण वेर्नरचा हट्ट कुठून आला तेही समजून घ्यायला हवं. तो रंगभूमीचा माणूस. पडदा उघडला की दिग्दर्शक विंगेत उभा राहतो आणि प्रयोग नटाच्या हातात येतो. सिनेमात पडद्याच्या जागी संकलकाची कात्री असते. हे वेर्नरने कधीच मान्य केलं नाही.

जन्म व्हिएन्नाचा, १३ नोव्हेंबर १९२२. खरं आडनाव ब्श्लीसमायर. रंगमंचासाठी त्याने ते सोडलं. १९४१ साली, वयाच्या १८व्या वर्षी, लोथार म्युथेलने त्याला व्हिएन्नाच्या बुर्गथिएटर या नाट्यगृहात घेतलं. जर्मन बोलणाऱ्या नटाला याहून मोठं दार नाही. पुढे जर्मन सैन्यात भरती झाली. त्याची बायको, नटी एलिझाबेथ कालिना, अर्धी ज्यू होती. डिसेंबर १९४४ मध्ये तो सैन्यातून पळाला आणि बायको व तान्ह्या मुलीला घेऊन युद्ध संपेपर्यंत व्हिएन्नाच्या जंगलात लपून राहिला. सापडला असता तर शिक्षा मृत्यूची होती. १९५१च्या ‘डिसिजन बिफोर डॉन’मध्ये अमेरिकनांसाठी हेरगिरी करणारा जर्मन युद्धकैदी त्याने केला. त्या चेहऱ्यावरची भीती पाहताना हे आठवतंच.

त्याआधी लंडनला एका सिनेमासाठी परवानगी न घेता गेला म्हणून बुर्गथिएटरने काढून टाकलं होतं. नंतर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सशी सात वर्षांचा करार झाला. असा करार दिसायला मोठा, पण त्याने बांधला जातो तो नट. स्टुडिओ काम देईलच असं नाही, आणि बाहेर करायचं तर त्याची मुभा लागते. वेर्नरला काम आलंच नाही. तो परतला आणि फ्रँकफुर्टला हॅम्लेट उभा केला.

त्याची खरी ताकद पद्यात होती. जर्मन नाटकातल्या ब्लँक व्हर्सच्या, म्हणजे यमक नसलेल्या पद्याच्या, ओळीत दहा-अकरा अक्षरं, त्यात पाच आघात. यात नट दोन ठिकाणी घसरतो. प्रत्येक आघात दणकून दिला की ओळ ढोलकीसारखी वाजते आणि अर्थ मागे पडतो. उलट, आघात पुसून गद्यासारखं बोललं की कवीने केलेलं काम वाया जातं. वेर्नर स्वर लांबवतो, जवळजवळ गातो, पण श्वास ओळीच्या नव्हे तर विचाराच्या शेवटी घेतो. त्याचा आवाज बारीक, थोडा वरच्या पट्टीतला, व्हिएन्नाच्या मऊ वळणाचा. नायकाला शोभणारा खर्ज नाहीच. त्याने ध्वनिमुद्रित केलेल्या रिल्के आणि हाइनेच्या कविता जर्मन येत नसलं तरी ऐकाव्या. विराम कुठे पडतो तेवढंच धरून ठेवावं.

हाच कान ‘शिप ऑफ फूल्स’मध्ये (१९६५) इंग्रजीत कामी आला. जहाजाचा डॉक्टर शूमान, स्वतःच हृदयरोगी. सिमोन सिन्योरेसोबतच्या दृश्यांत तो जवळजवळ आवाज चढवतच नाही. आजारी हृदय दाखवायला नट छातीवर हात नेतात. वेर्नरचा थकवा त्याच्या वाक्यांत आहे. ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार ली मार्व्हिनला गेला. त्याच वर्षीच्या ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ या हेरपटातल्या फीडलरच्या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळाला.

नंतर कामं विरळ होत गेली, दारू वाढली. १९७५ मध्ये ‘कोलंबो’ या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका भागात तो खुनी होता, पाळतीच्या कॅमेऱ्यांवर विश्वासलेला आणि त्यांच्यामुळेच अडकलेला. १९८३ साली ऑस्ट्रियातल्या वाखाउ भागात त्याने क्लाइस्टचं ‘होम्बुर्गचा राजपुत्र’ हे नाटक स्वतःच उभं केलं, मुख्य भूमिकाही स्वतःच केली. हुकूम मोडून लढाई जिंकणाऱ्या आणि त्याचसाठी मृत्यूची शिक्षा होणाऱ्या तरुणाची भूमिका, वयाच्या साठीत. प्रयोग फसला.

आज एकच पाहायचं तर त्रुफोच्याच ‘ज्यूल ए जिम’चा (१९६२) शेवट. वेर्नर त्यात ज्यूल. ज्यूलची बायको काथरीन आणि मित्र जिम गेलेत, दोघांच्या अस्थी वेगवेगळ्या कलशांत. काथरीनला आपली राख डोंगरावरून वाऱ्यावर सोडलेली हवी होती, पण त्याला परवानगी नाही. ज्यूल एकटा दफनभूमीच्या उतारावरून खाली चालत जातो. वेर्नर थांबत नाही, मागे वळत नाही, रडतही नाही. संगीत वर येतं आणि तो चालत राहतो.