एस्टीम टर्बो: पंखा लागला की इंजिन बंद

गेल्या शुक्रवारी भर दुपारी म्हापशाच्या बाजारात माझी टर्बो बसवलेली मारुती एस्टीम बंद पडली. पुढे मासळीचा टेंपो, मागे बस, बाजूला मांडलेली मिरच्यांची पोती. पाणी ९५ अंशांवर गेलं, रेडिएटरचा पंखा लागला, आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचे मिनिटाला फेरे) ८५० वरून ६०० वर आलं, मग १२०० वर उडालं, पुन्हा खाली आलं आणि संपलं. चार वेळा चालू केली, चारही वेळा तेच. शेवटी पंख्याचा सॉकेट ओढून काढला, हॉर्न ऐकत रस्ता मोकळा होण्याची वाट पाहिली आणि काट्यावर नजर ठेवून मांद्र्याला घरी आलो.

मागचं ज्यांनी वाचलंय त्यांना सेटअप माहीत आहे: जी१३बीबी इंजिन, १२९८ सीसी, कंपनीची ८५ एचपी, त्यावर छोटा टर्बो, ०.६ बार बूस्ट (टर्बोने हवेवर चढवलेला जादा दाब), इंधन सांभाळणारा स्पीडुइनो हा संगणक (ईसीयू), क्रँकची जागा सांगणारं ३६-१ चाक (३६ दातांतला एक गाळलेला), बॅच फायर (इंजेक्टर एका सायकलमध्ये दोनदा इंधन सोडतात). लक्ष्य फ्लायव्हीलवर १४० एचपी.

इंजेक्टरचं (इंजिनात इंधन फवारतो तो) गणित मी पाऊस लागायच्या आधीच टाकलं होतं, पण त्यात एक चूक राहिली होती. १४० गुणिले ०.६ बीएसएफसी (एका एचपीला तासाला लागणारे पौंड इंधन) म्हणजे तासाला ८४ पौंड पेट्रोल. चार इंजेक्टर, ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ), म्हणजे एकेकाला २६ पौंडांहून थोडं जास्त. पौंडांचे सीसी करायला साडेदहाने गुणा, मिनिटाला २७५ सीसी. इथवर बरोबर. पण पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं आणि त्याचं स्टॉइक (पूर्ण जळायला लागणारं हवा-इंधनाचं प्रमाण) साध्या पेट्रोलसारखं १४.७ नाही, साडेतेराच्या आसपास आहे. आठेक टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. म्हणजे ३०० धरा.

मी मात्र मागवले होते ४४०. म्हटलं, पुढेमागे हौस वाढली तर असू देत. म्हापशातल्या वर्कशॉपमध्ये अल्ट्रासॉनिकला घालून ३ बारवर मोजले तर ३० सेकंदांत १९० मिली, म्हणजे ३८०! विक्रेत्याला चार शब्द सुनवायला फोन उचलला होता, तेवढ्यात वर्गमुळाची आठवण झाली: प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो. ४ बारला ४४० देणारा इंजेक्टर ३ बारला ३८१ देतो. आकडा खरा होता, दाब लिहिलेला नव्हता. वजन न करता वांटा लावून बांगडे विकावेत तसा हा कारभार. दाब लिहिलेला नसेल तर घेऊच नका, किंवा घेतल्याबरोबर मोजा. चौघांपैकी एक ३६६ वर होता, साफ केल्यावर ३७७ झाला. चारही एक टक्क्यात बसले, त्या संध्याकाळी मी उगाच हसत होतो.

पण ते बसवल्यापासून आयडल कधी स्थिर नव्हतंच. सगळ्यांचं निदान एकच, माझंसुद्धा: मोठे इंजेक्टर आयडलला नाचणारच. तीन आठवडे या समजुतीपायी गेले. इंधनाचा दाब अडीच बारवर आणला, व्हीई टेबलचा (इंजिन किती हवा घेतं त्याच्या तक्त्याचा) खालचा कोपरा दहा वेळा रंगवला, आयडल व्हॉल्व्ह बदलला, डेड टाइम (वीज मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतचे मिलिसेकंद) अंदाजाने ०.९ चा १.० केला, मग परत ०.९. थंड इंजिनाला सुधारायचं, पंखा लागला की लॅम्ब्डा (१ म्हणजे नेमकं मिश्रण, वर म्हणजे इंधन कमी) १.३ वर. ३०० सीसीचा नवा संच कार्टमध्ये टाकून ठेवला होता. पैसे भरायचेच बाकी होते.

रविवारी मेस्त (मेकॅनिक) सहज डोकावले. कार्ब्युरेटरच्या जमान्यातला माणूस, लॅपटॉपकडे बघतसुद्धा नाहीत. पंखा लावायला सांगितला, आवाज ऐकला आणि म्हणाले, "आदीं वायर पळय, मागीर इंजेक्टर." (आधी वायर बघ, मग इंजेक्टर.)

मीटर मी आधीही लावला होता, पण इंजेक्टरचे सॉकेट काढून, बिनलोडचा. तेव्हा १३.७ दिसले आणि मी पुढे गेलो. या वेळी इंजिन चालू, पंखा चालू ठेवून सॉकेटच्या मागून सुई घातली. ईसीयूवर १३.८, इंजेक्टरवर १२.४.

गेलेल्या १.४ व्होल्टचा माग काढत रिलेच्या बेसपर्यंत पोचलो. पिनेवर हिरवा थर. समुद्र पाच मिनिटांवर, खारा वारा कुणाला सोडतो? पण खरा गाढवपणा माझा: वायर वाचवायला पंख्याची लाइन मी इंजेक्टरच्याच रिलेवरून घेतली होती. दहा अँपिअर त्या सडक्या पिनेतून ओढल्यावर दुसरं काय होणार? ईसीयूची लाइन वेगळी, म्हणून ते १३.८ समजून भरपाई करत होतं आणि इंजेक्टर १२.४ वर उशिरा उघडत होते.

मोठ्या इंजेक्टरला हे इतकं का बोचतं, ते लिहूनच काढतो. आयडलला तासाला ८०० मिली इंधन धरलं तर एका सिलिंडरला एका सायकलमागे ०.००८ मिलीहूनही कमी. ३८० च्या इंजेक्टरला त्यासाठी १.२ मिलिसेकंद पुरतात. बॅच फायरमध्ये हेच दोन हप्त्यांत, म्हणजे दर वेळी ०.६. त्यात डेड टाइम ०.२ ने चुकला की एक तृतीयांश इंधन गायब. क्लोज्ड लूप (लॅम्ब्डा बघून इंधन दुरुस्त करणारी ईसीयूची सोय) ते भरून काढायला धावतो, पंखा थांबतो, मग उलट जास्त होतं. नाच तो हाच.

रिलेचा बेस नवा, पंख्याला स्वतंत्र रिले आणि फ्यूज, चिकटवाली हीट श्रिंक. क्रिंपिंगचा स्वस्त पक्कड मी कचऱ्यात टाकला, दात असलेला रॅचेटवाला घ्या, भाव ऐकून दचकू नका. आता पंखा चालू असताना फरक ०.१ व्होल्ट. काल रात्री पंखा आणि हेडलाइट लावून वीस मिनिटं गाडी उभी ठेवली, लॅम्ब्डा ०.९८ ते १.०२. आईने खिडकीतून दोनदा विचारलं, "अजून किती वेळ?"

३०० चा संच कार्टमधून काढला. १४० एचपीला ३८० ची ड्यूटी ६३ टक्क्यांच्या आसपास येते, झकास आहे.

पुढचा बेत बूस्ट वाढवायचा होता, ०.८ पर्यंत. पण वरचं ०.६ विरुद्ध १.२ मिलिसेकंद लिहिता लिहिताच वाटलं, आधी सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीला एकदाच इंधन) करावं. तेच इंधन एका हप्त्यात गेलं की डेड टाइमची चूक निम्मी बोचते. स्पीडुइनोला चार चॅनल आहेतच, लागतो फक्त कॅमचा (झडपा उघडणाऱ्या दांड्याचा) सिग्नल. बूस्ट चतुर्थीनंतर. गिअरबॉक्सही त्याला दुवा देईल.

जी१३बीबीच्या कॅमवर हॉल सेन्सर (चुंबकीय बदलावरून फिरणाऱ्या भागाची जागा ओळखणारा) कुणी बसवला असेल तर ब्रॅकेटची मापं आणि एअर गॅप कळवा. आणि हो, येत्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता मी पुन्हा म्हापशाच्या बाजारातून जाणार आहे, पंखा लावून.